ॲपची मागची बाजू : बॅकएंड प्लॅटफॉर्म आणि त्यावरची बांधणी

मोबाईलवरच्या बहुतेक ॲपना दोन बाजू असतात. पुढची बाजू हातात दिसते: बटणे, याद्या, रकाने, फोटो. मागची बाजू दूर कुठेतरी सर्व्हरवर चालते आणि तिला बॅकएंड म्हणतात. कोण आत आले, त्याने काय नोंदवले, ती नोंद कुठे ठेवायची, ती आणखी कोणाला दाखवायची, पैसे पोचले की नाही, निरोप कोणाला धाडायचा, हे सारे मागच्या बाजूला ठरते. पुढची बाजू बिघडली तर ॲप ओबडधोबड दिसते. मागची बिघडली तर नोंद हरवते, पैसे अडकतात किंवा एकाची माहिती दुसऱ्याच्या हाती पडते. म्हणून ॲप बांधायला शिकणाऱ्याचा बहुतेक वेळ रंग आणि मांडणी यांत जात असला, तरी त्याची खरी जबाबदारी मागे असते.

हा मागचा भाग तयार तुकड्यांच्या रूपात वापरायला देणाऱ्या सेवेला बॅकएंड प्लॅटफॉर्म म्हणतात. डेटाबेस, लॉगिन, फोटो साठवण्याची जागा, सूचना पाठवण्याची सोय आणि सर्व्हरवर चालणारे छोटे कार्यक्रम हे त्यातले नेहमीचे तुकडे. पूर्वी ॲप बांधणाऱ्याला स्वतः सर्व्हर घ्यावा लागे, त्यावर डेटाबेस बसवावा लागे, पासवर्ड सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था लिहावी लागे, रोजच्या बॅकअपची काळजी वाहावी लागे. दोन-तीन माणसांच्या गटाचे निम्मे बळ यातच संपत असे. प्लॅटफॉर्मने हे ओझे उतरवले. मात्र कोणते ओझे उतरले आणि कोणते अजूनही बांधणाऱ्याच्याच डोक्यावर आहे, हे नीट न कळल्यामुळे बरीच ॲप गोत्यात येतात.

या सेवांचा इतिहास छोटा आहे. २०११ मध्ये पार्स नावाची सेवा सुरू झाली आणि २०१३ मध्ये फेसबुकने ती विकत घेतली. त्याच सुमारास जेम्स टॅम्पलिन आणि अँड्र्यू ली यांनी वेबसाइटवर गप्पांची खिडकी बसवून देणारी एन्व्हॉल्व्ह नावाची सेवा चालवली होती. त्यांच्या लक्षात आले की काही जण त्या खिडकीतून गप्पा न मारता खेळाची स्थिती, म्हणजे कोणता खेळाडू कुठे आहे ही माहिती, एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पाठवत आहेत. लोकांना गप्पांपेक्षा त्यामागची तत्काळ देवघेव हवी होती. त्यातून २०१२ मध्ये फायरबेस लोकांसमोर आले आणि २०१४ मध्ये गूगलने ते घेतले. पुढे २०२० मध्ये सुपाबेस आले. त्याच्या मुळाशी पोस्टग्रेस हा जुना, मुक्त आणि भरवशाचा डेटाबेस आहे. ॲपराइटसारखी स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणारी मुक्त प्रणालीही याच काळातली. नावे बदलतील. तुकडे तेच राहतात आणि शिकणाऱ्याने तुकडे शिकावेत.

हा विषय मोकळ्या हवेत समजावून सांगण्यापेक्षा एखाद्या जागेवर उभे राहून सांगितलेला बरा. कनेरगाव नाका ही त्यासाठी चांगली जागा आहे. हिंगोली तालुक्यातले हे गाव हिंगोली–वाशीम रस्त्यावर, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या शिवेवर वसले आहे. १९४७ पूर्वी ही शीव म्हणजे निजामाचे हैदराबाद संस्थान आणि इंग्रजी अमलातले वऱ्हाड यांची हद्द होती. संस्थानाची जकात वेगळी, नाणे वेगळे. इकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार रुपया. हद्द ओलांडणाऱ्याला आपला माल दाखवावा लागे आणि नाण्याचा हिशेब जुळवून घ्यावा लागे. दोन स्वतंत्र व्यवस्था एकमेकींशी व्यवहार करतात तेव्हा मधे ठरलेली वाट, ठरलेली तपासणी आणि ठरलेला भाव लागतो. एका प्रणालीने दुसरीकडे माहिती मागण्याची किंवा देण्याची जी ठरलेली वाट असते तिला एपीआय म्हणतात, आणि तिचे काम नेमके हेच आहे.

शिवेवरचे गाव आणखी एक गोष्ट शिकवते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. वाशीम त्याआधी, १ जुलै १९९८ रोजी, अकोल्यातून. हिंगोलीचा महसुली विभाग छत्रपती संभाजीनगर, वाशीमचा अमरावती. कागदावर दोन जिल्हे, दोन विभाग. पण शेतकरी माल कुठे नेईल हे कागद ठरवत नाही. हळद हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात जाईल, सोयाबीन कदाचित वाशीमला. ज्या ॲपने ‘शेतकऱ्याचा जिल्हा तोच त्याचा बाजार’ असे मागच्या बाजूला ठरवून टाकले, ते पुण्यात बसून तपासताना चोख चालेल आणि कनेरगावला पहिल्याच दिवशी चुकेल. राहण्याचे गाव, जमिनीचे गाव आणि विक्रीचा बाजार हे तीन वेगळे रकाने हवेत. गावे आणि जिल्हे नावाने साठवू नयेत हेही यातूनच येते. जिल्हे फुटतात, नावे बदलतात, एकाच नावाची गावे अनेक असतात. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला क्रमांक आहे. तो साठवावा आणि नाव फक्त दाखवण्यापुरते वापरावे.

महाराष्ट्रातल्या शेताच्या बांधापर्यंत पोचलेल्या बॅकएंडचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ई-पीक पाहणी. सातबाऱ्याचे दोन भाग असतात: गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा ही पिकांची नोंद. बाराची नोंद पूर्वी तलाठी करत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ती शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून करण्याची पद्धत सुरू झाली. महसूल विभागाच्या या कामात टाटा ट्रस्टचा सहभाग होता. शेतकरी विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडतो, खातेदार म्हणून आपले नाव किंवा गट क्रमांक शोधतो, हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन आणि पेरणीची तारीख भरतो, पिकाचा फोटो काढतो आणि माहिती अपलोड करतो. फोटोसोबत तो कोठे काढला याचे अक्षांश-रेखांश जातात. पुढे हीच नोंद पीकविमा, पीककर्ज, हमीभावाची खरेदी आणि नुकसानभरपाई यांच्या कामी येते.

पुढच्या बाजूने पाहिले तर हे चार-पाच पडद्यांचे साधे ॲप वाटते. मागच्या बाजूला मात्र बरेच काही जुळवावे लागते. खातेदारांची यादी ॲपची स्वतःची नाही. ती सातबाऱ्याच्या संगणकीकृत अभिलेखातून आणावी लागते. सातबाऱ्यावर फेरफार झाला की इकडेही तो दिसला पाहिजे. एका घरात एकच स्मार्टफोन असतो, त्यामुळे एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद होऊ द्यावी लागते. म्हणजे फोन क्रमांक आणि माणूस यांना एकच समजून चालत नाही. शेतकऱ्याची चूक होणार हे गृहीत धरून दुरुस्तीची मुदत ठेवावी लागते, आणि काही नोंदींची तलाठ्याकडून पडताळणी करून घ्यावी लागते. शिवारात रेंज नसेल तर भरलेली माहिती फोनमध्येच थांबवून, गावात आल्यावर पाठवावी लागते. शिवाय हंगामाची मुदत संपत आली की लाखो फोन एकाच दोन-चार दिवसांत त्याच सर्व्हरकडे धावतात. सरकारी असो वा खाजगी, गावासाठी बांधलेल्या प्रत्येक ॲपला लहान प्रमाणात हेच प्रश्न सोडवावे लागतात.

पुढील विवेचनासाठी एक लहान ॲप समोर ठेवू. ते कोणत्याही चालू ॲपचे वर्णन नाही, समजावण्यासाठी घेतलेला नमुना आहे. कनेरगाव नाका आणि आसपासच्या गावांत सोयाबीनच्या दिवसांत हडंबा, म्हणजे मळणी यंत्र, आणि हळद निघाली की ती शिजवण्याचा कुकर भाड्याने लागतो. यंत्रे थोडी, शेतकरी जास्त, आणि सोयाबीन कापून पडलेले असताना आभाळ भरून आले की सगळ्यांना हडंबा आजच हवा असतो. कोणाचे यंत्र कोणत्या दिवशी मोकळे आहे, भाव काय, नंबर कोणाचा लागला, हे दाखवणारे ॲप असे समजू.

पहिला प्रश्न नोंदींच्या घडणीचा. वही चालवणारा माणूस हे काम सहज करतो: यंत्रांची एक वही, गिऱ्हाइकांची एक, नंबरांची एक, जमेची एक. डेटाबेसमध्ये त्यांनाच तक्ते म्हणतात. पोस्टग्रेससारख्या तक्त्यांच्या डेटाबेसमध्ये या वह्या एकमेकींशी क्रमांकांनी बांधलेल्या असतात, आणि नसलेल्या यंत्रासाठी नंबर नोंदवू पाहिला तर डेटाबेसच नकार देतो. फायरबेसच्या फायरस्टोअरसारख्या दस्तऐवजी डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंद सुटी चिठ्ठी असते. ती जलद वाचता येते, तिचा आकार हवा तसा ठेवता येतो, पण चिठ्ठ्यांमधला मेळ बांधणाऱ्यालाच सांभाळावा लागतो. हिशेब आणि देणे-घेणे जिथे आहे तिथे तक्त्यांची शिस्त उपयोगी पडते, असा अनुभव पुष्कळ बांधणाऱ्यांचा आहे आणि तो मानावा. गप्पा किंवा सतत बदलणारी स्थिती दाखवायची असेल तर चिठ्ठ्यांची पद्धत सोपी पडते.

दुसरा प्रश्न ओळखीचा. गावाकडच्या ॲपमध्ये ईमेल आणि पासवर्ड चालत नाहीत. मोबाईल क्रमांक आणि ओटीपी हीच सवयीची वाट आहे. प्लॅटफॉर्ममध्ये ओटीपीची सोय तयार मिळते, तरी भारतात एक पायरी वाढते. दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या विनियमांनुसार व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्या संस्थेला आपली, पाठवणाऱ्या नावाची आणि संदेशाच्या मजकुराचीही आगाऊ नोंदणी करावी लागते. नोंदवलेल्या मजकुरापेक्षा वेगळा शब्द गेला की संदेश वाटेतच अडतो. एसएमएस मराठीत पाठवायचा तर आणखी एक हिशेब आहे: इंग्रजी अक्षरांत एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७० चिन्हे. काना, मात्रा, वेलांटी ही वेगवेगळी मोजली जातात, त्यामुळे संदेश पाहता पाहता दोन होतो आणि खर्चही दुप्पट होतो. तरीही मजकूर मराठीतच हवा. फक्त तो लिहिताना मोजून लिहावा.

ओळख पटली म्हणजे परवानगी मिळाली असे नव्हे. या दोहोंतला फरक हा सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडे थांबले पाहिजे. नाक्यावर माणूस ओळखीचा निघाला तरी त्याच्या गाडीतला प्रत्येक माल पुढे सोडायचा की नाही हा प्रश्न उरतोच. बॅकएंड प्लॅटफॉर्ममध्ये ॲप थेट डेटाबेसशी बोलते. त्यासाठी लागणारी चावी ॲपच्या आतच असते आणि ॲप ज्याच्या फोनमध्ये आहे त्याला ती काढून घेता येते. ही चावी गुप्त नाही, असे धरूनच हे प्लॅटफॉर्म घडवलेले आहेत. राखण करतात ते नियम. फायरबेसमध्ये त्यांना सुरक्षा नियम म्हणतात. पोस्टग्रेसमध्ये २०१६ च्या ९.५ आवृत्तीपासून ओळनिहाय सुरक्षा आहे, म्हणजे तक्त्यातली कोणती ओळ कोणाला दिसावी हे डेटाबेसच ठरवतो.

हडंब्याच्या ॲपमध्ये हे नियम साध्या मराठीत आधी लिहून काढावेत. यंत्रांची यादी आणि भाव कोणीही पाहावा. भाव फक्त यंत्रमालकाने बदलावा, तोही आपल्याच यंत्राचा. शेतकऱ्याचा फोन क्रमांक नंबर पक्का झाल्यावर त्या एकाच मालकाला दिसावा, दुसऱ्या कोणाला नाही. कोणी किती क्षेत्रावर सोयाबीन लावले आहे हे शेजाऱ्याला दिसू नये. पैसे जमा झाल्याची नोंद कोणत्याही फोनवरून होऊ नये, ती फक्त सर्व्हरने करावी. ही पाच वाक्ये लिहिता आली तर त्यांचे नियमांत रूपांतर तासाभराचे काम आहे. न लिहिता आलेली वाक्ये पुढे गळतीची छिद्रे होतात. फायरबेसमध्ये नवा डेटाबेस उघडताना चाचणीपुरता सर्वांना मोकळा ठेवण्याचा पर्याय असतो आणि त्याची मुदत ३० दिवसांची असते. मुदत संपल्यावर ॲप बंद पडते. घाईतला बांधणारा मुदत वाढवतो आणि दार तसेच उघडे राहते. लोकांची माहिती बाहेर पडण्यामागे हुशार चोरापेक्षा असे विसरलेले दार जास्त वेळा असते. पुढच्या बाजूला एखादे बटण लपवले म्हणजे ते काम अडवले गेले, हा समजही तितकाच घातक. तपासणी मागच्या बाजूलाच झाली पाहिजे.

तिसरा प्रश्न रेंजचा. शहरात बांधलेले ॲप प्रत्येक टिचकीला सर्व्हरचे उत्तर येईल असे धरून चालते. शिवारात उत्तर दहा सेकंदांनी येते, अर्धवट येते किंवा येतच नाही. म्हणून नोंद आधी फोनमध्ये लिहायची आणि मग जमेल तेव्हा सर्व्हरशी जुळवायची, ही उलटी पद्धत लागते. फायरस्टोअर ही सोय स्वतःच देते. इतर ठिकाणी फोनमधला छोटा डेटाबेस, बहुधा एसक्यूलाइट, वापरून ती बांधावी लागते. वापरणाऱ्याला मात्र खरे ते सांगितले पाहिजे. ‘फोनमध्ये जतन झाले, अजून पाठवायचे आहे’ आणि ‘पोचले’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि दोन्हींना एकच हिरवी खूण दाखवणे ही फसवणूक ठरते. शेतकरी खूण पाहून निर्धास्त घरी जातो आणि नोंद फोनमध्येच पडून राहते. मुदतीच्या कामात याची किंमत मोठी असते.

जुळवणीत तंटा उभा राहतो तो इथे. समजा एकाच सकाळी दोन शेतकऱ्यांनी रेंज नसताना एकाच हडंब्याचा एकच दिवस नोंदवला. दोघांच्या फोनवर नोंद दिसते आहे. पुष्कळ प्रणालींत शेवटी पोचलेली नोंद आधीच्या नोंदीवर लिहिली जाते. भाव बदलण्यासारख्या गोष्टीत ते चालते. इथे त्याचा अर्थ असा की ज्याचा निरोप आधी पोचला त्याचा नंबर गुपचूप गेला. म्हणून फोनवरून ‘नंबर लावला’ असे लिहू न देता ‘नंबर हवा’ अशी मागणीच पाठवू द्यावी. मागणी सर्व्हरवर पोचली की तिथला छोटा कार्यक्रम दिवस मोकळा आहे का हे पाहतो आणि पाहणे व लिहिणे ही दोन्ही कामे एकाच अभंग व्यवहारात करतो, मधे कोणाला शिरू देत नाही. मग एकाला पक्का नंबर आणि दुसऱ्याला पुढचा दिवस असे उत्तर जाते. वेळही फोनच्या घड्याळावरून घेऊ नये. ते मागेपुढे असू शकते आणि मुद्दाम मागेही करता येते. सर्व्हरवर वेळ जागतिक प्रमाणवेळेत ठेवावी आणि दाखवताना साडेपाच तास पुढे करून दाखवावी. हे विसरले की पहाटे केलेली नोंद आदल्या तारखेला पडते.

चौथा भाग बाहेरच्या सेवा जोडण्याचा. त्यात सर्वांत नाजूक जोड पैशाची. मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ मध्ये यूपीआय आणले आणि आज चहाच्या टपरीवरही त्याचा चौकोनी कोड लटकलेला दिसतो. ॲपला मात्र पैसे आल्याचे खात्रीने कळायला हवे. शेतकऱ्याच्या पडद्यावर ‘यशस्वी’ दिसले, एवढ्यावर नंबर पक्का करू नये. तो पडदा खोटाही बनवता येतो, आणि खरा असला तरी मधेच रेंज गेल्यास ॲपपर्यंत उत्तर पोचत नाही. खात्रीची बातमी देयक सेवेच्या सर्व्हरकडून ॲपच्या सर्व्हरला थेट येते. या आपोआप येणाऱ्या निरोपाला वेबहूक म्हणतात. तो खरोखर त्याच सेवेकडून आला आहे हे त्यासोबतच्या सहीवरून तपासावे. उत्तर मिळाले नाही तर ती सेवा तोच निरोप पुन्हा पुन्हा पाठवते, त्यामुळे एकच जमा दोनदा मांडली जाण्याचा धोका असतो. प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवावा आणि तो आधीच आलेला असेल तर निरोप स्वीकारून पुढे काहीच करू नये. वही ठेवणारा जुना मुनीम पावती क्रमांक पाहूनच जमा मांडत असे, ती शिस्त इथे तशीच लागते. पैसे परत करण्याची वाटही पहिल्याच दिवशी बांधावी, कारण पाऊस आला की मळणी रद्द होणारच.

सरकारी सेवांशी जोड घालताना मोह आवरावा लागतो. डिजिटल सहीचा सातबारा महसूल विभागाच्या महाभूमी या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो, डिजिलॉकरमधून कागदपत्रे मिळतात, आधारने ओळख पटवता येते. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला आणि तेव्हापासून ‘आधार नंबर टाका’ हा रकाना ॲप बांधणाऱ्यांच्या हातून सवयीनेच पडतो. हडंबा भाड्याने देण्यासाठी आधार लागत नाही, सातबाराही लागत नाही. लागते ते नाव, फोन, गाव आणि अंदाजे क्षेत्र. जी माहिती घेतलीच नाही ती कधी फुटत नाही.

सूचना हा सोपा वाटणारा भाग. फायरबेसची सूचनासेवा विनामूल्य आहे आणि एखाद्या विषयाची नोंदणी केलेल्या सर्व फोनना एकदम निरोप देता येतो, उदाहरणार्थ एका गावातल्या सर्वांना. पण ती पोचेलच असा भरवसा ठेवता येत नाही. बॅटरी वाचवण्यासाठी पुष्कळ फोन मागे चालणारी ॲप बंद करतात. ज्या निरोपावर माणसाचा दिवस अवलंबून आहे, जसे ‘उद्या सकाळी यंत्र येत आहे’, तो सूचनेसोबत एसएमएसनेही जावा.

मराठीचा प्रश्न बहुतेक पुस्तकांत राहून जातो, म्हणून तो इथे मुद्दाम घेतला आहे. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून आहे. तेच ‘अ’वर चंद्र देऊनही लिहिता येते. दोन्ही दिसायला सारखी, पण संगणकाला वेगळी, आणि युनिकोडची नेहमीची एकरूप करण्याची रीतही त्यांना एक करत नाही. म्हणजे ‘ॲग्रो’ एका कळफलकावरून लिहिले आणि दुसऱ्यावरून शोधले तर सापडत नाही. ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ’ एका चिन्हाने किंवा ‘र’खाली नुक्ता देऊन येतो, हे दोन एकरूप करण्याच्या रीतीने जुळतात, पण ती रीत साठवण्यापूर्वी चालवली पाहिजे. अंक ‘५’ आणि इंग्रजी पाच हेही तसेच. गट क्रमांक देवनागरीत भरणारे शेतकरी असतात, इंग्रजीत भरणारेही असतात. ॲपने दोन्ही घ्यावेत आणि आत एकाच रूपात ठेवावेत. यादीचा क्रम मराठी वर्णमालेनुसार लागावा यासाठी डेटाबेसला मराठीची क्रमवारी सांगावी लागते. ही सारी कामे मागच्या बाजूला एकदाच करायची आहेत, आणि ती न करणारे ॲप मराठी माणसाला ‘तुमचे नाव सापडत नाही’ असे सांगते.

खर्चाची रीत समजून घेतली नाही तर फुकट सुरू झालेले ॲप महाग पडते. फायरस्टोअरच्या विनामूल्य मर्यादेत दिवसाला ५०,००० नोंदी वाचता येतात आणि २०,००० लिहिता येतात. हडंब्याच्या ॲपमध्ये २०० यंत्रे आहेत आणि ३०० शेतकऱ्यांनी दिवसातून एकदाच यादी उघडली, तर प्रत्येक वेळी सगळी यादी आणणारे ॲप ६०,००० नोंदी वाचते; मर्यादा ओलांडली जाते. जवळच्या गावांतली पहिली २० यंत्रेच आणली तर हाच आकडा ६,००० होतो. दोन्ही ॲप पडद्यावर सारखीच दिसतात. सर्व्हर कुठला निवडावा हेही सुरुवातीलाच ठरवावे लागते. मुंबईत मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रे आहेत, ॲमेझॉनचे २०१६ पासून. फायरस्टोअरची जागा एकदा निवडली की बदलता येत नाही, म्हणून पर्याय न वाचता पुढे जाऊन डेटाबेस सातासमुद्रापार उघडू नये.

कायद्याची बाजू आता स्पष्ट झाली आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला. माहिती कशासाठी घेतली जाते हे सांगून संमती घ्यावी; ती सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचता आली पाहिजे; संमती देणे जितके सोपे तितकेच ती काढून घेणे सोपे असले पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ‘माझे खाते काढून टाका’ हे बटण म्हणजे केवळ पडदा नसतो. त्यामागे नोंदी, फोटो, बॅकअप आणि बाहेरच्या सेवांकडे गेलेली माहिती शोधून पुसण्याची व्यवस्था लागते. ती तक्ते आखतानाच विचारात घेतली तर सोपी जाते.

शेवटचा भाग बाहेर पडण्याच्या वाटेचा. पार्सवर हजारो ॲप उभी होती. २८ जानेवारी २०१६ रोजी ती सेवा बंद करण्याची घोषणा झाली आणि सुमारे एका वर्षाने ती बंद झाली. वर्षाची मुदत मिळाली, सर्व्हरचा कोडही मुक्त करण्यात आला, म्हणून पुष्कळांना आपला संसार हलवता आला. तरी ज्यांनी आपली माहिती आणि नियम कुठेच वेगळे लिहून ठेवले नव्हते त्यांचे हाल झाले. त्यावरून ठरलेली काळजी तीन गोष्टींत येते. प्लॅटफॉर्मशी बोलणारा कोड ॲपभर न पसरवता एका ठिकाणी ठेवावा. तक्त्यांची रचना, नियम आणि सर्व्हरवरचे कार्यक्रम हे प्लॅटफॉर्मच्या पडद्यावर टिचक्या मारून न करता फाइलींत लिहून, बदलांच्या इतिहासासह जपावेत. आणि सगळ्या नोंदी ठरावीक दिवशी साध्या, कोणत्याही डेटाबेसला वाचता येईल अशा रूपात उतरवून घ्याव्यात. उतरवलेली प्रत रिकाम्या डेटाबेसमध्ये परत भरून पाहिल्याखेरीज तिला बॅकअप म्हणू नये. हे काम सोयाबीनची गर्दी ओसरल्यावर आणि हळदीचे कुकर पेटण्याआधी, यंत्रे उभी असतात त्या दिवसांत, करून घ्यावे.